नाताळ आणि घरची वाट

दिवाळीस आठ-दहा दिवस उरले की आमच्या पर्वत पाटियावर एक निराळीच धांदल सुरू होते. सुरतेच्या पूर्वेकडील ही वस्ती बारडोलीच्या रस्त्यावर आहे. भोवती कापडाचे बाजार. आणि लिंबायत, गोडादरा, डिंडोली या अंगाला यंत्रमागावर व साड्यांच्या धंद्यावर पोट भरणारी, खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे. एरवी रात्रंदिवस चालणारा मागांचा खडखडाट त्या दिवसांत मंदावतो. उधन्याच्या स्थानकावर नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा राहत नाही. माझे अशील कचेरीत येऊन फिर्यादीविषयी बोलण्याआधी एवढेच सांगतात, ‘साहेब, तारीख दिवाळीनंतरची घ्या.’ का, असे मी कधी विचारीत नाही. ज्याला गाव आहे त्याने दिवाळीला गावी जावे, हे आपल्याकडे कलम लिहून सांगावे लागत नाही.

मात्र डिसेंबर उजाडला, बाजारात पोंकाच्या टोपल्या दिसू लागल्या, म्हणजे याच वस्तीत एका सज्जात कागदाचा तारा लागतो. तिथे आमचे एक वृद्ध शेजारी राहतात. मूळचे गोव्यातील साष्टीचे; रेल्वेतील नोकरीने सुरतेस आले आणि इथेच स्थिरावले. गेल्या वर्षी त्यांच्या परदेशातील मुलाने कळविले की, रजा मिळत नाही, नाताळाला न येता फेब्रुवारीत येतो. तिकीटही स्वस्त पडेल. म्हातारा काही बोलला नाही. मीच वकिली थाटात समजूत घालू लागलो, की दिवस कोणताही असो, माणसे भेटली म्हणजे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, सात नाताळ चुकले म्हणजे काय होते ते तुम्हांला ठाऊक नाही.’ त्या वाक्याचा अर्थ लावताना मला जो इतिहास चाळावा लागला तो येथे मांडतो. नाताळ आप्तांसमवेत का घालवावा, हा प्रश्न वरवर पाहता भावनेचा आहे; परंतु त्याचा पुरावा इतिहासाच्या दप्तरात विखुरलेला आहे.

प्रथम शब्दच घेऊ. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत आणि कोकणीत पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज ‘नाताल’ लॅटिनवरून निघाला, आणि त्याचा अर्थ जन्मासंबंधी, जन्मदिनाचा. आता जन्माची तारीख कोणती, याविषयी शुभवर्तमाने मौन पाळतात. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे. म्हणजे ख्रिस्तानंतर तीन शतके उलटल्यावर. तारखेविषयी असे मौन असले तरी एका गोष्टीविषयी लूकचे शुभवर्तमान बोलके आहे, ती म्हणजे प्रवास. सम्राट ऑगस्टसची आज्ञा झाली, शिरगणती ठरली, आणि प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे असे फर्मान निघाले. योसेफ दाविदाच्या कुळातला, म्हणून त्याने गर्भवती पत्नीसह नासरेथहून बेथलेहेमची वाट धरली. त्या शिरगणतीच्या कालनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की, या सणाची मूळ कथा मूळ गावी परतणाऱ्या एका कुटुंबाची कथा आहे. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, जन्म गोठ्यात झाला. पण आई, बाप आणि मूल एकत्र होते. गोव्यातील घराघरांतून नाताळात जो गोठा मांडतात त्यात राजवाडा नसतो. तेथे एक कुटुंब असते, आणि त्याला पाहावयास आलेले शेजारपाजारचे मेंढपाळ असतात.

तारखेचा प्रश्न किती गौण होता याची साक्ष आमच्या सुरतेइतकी दुसरे नगर क्वचितच देईल. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर. इंग्रजांची वखार १६१३ साली येथे उभी राहिली, थोड्याच वर्षांत डचांची झाली. फ्रेंच कापुचिन पाद्री होते, आर्मेनियन व्यापारी होते, आणि दक्षिणेस दमण पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. पोप ग्रेगरीने १५८२ साली पंचांग सुधारले ते पोर्तुगालसारख्या कॅथलिक देशांनी लगेच स्वीकारले. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनेच पंचांग चालविले. त्यामुळे त्या शतकात दोहोंमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. दमणच्या चर्चमध्ये नाताळाच्या घंटा वाजत तेव्हा सुरतेच्या इंग्रज वखारीत १५ डिसेंबर असे. दमणकरांचे नवे वर्ष उजाडून तीन दिवस झाले की मग इंग्रजांचा नाताळ येई. आर्मेनियन चर्चची परंपरा तर ख्रिस्तजन्म ६ जानेवारीस पाळण्याची, तोही जुन्या गणनेने. म्हणजे या एका मुलखात एकाच बाळाचा जन्म तीन निरनिराळ्या दिवशी साजरा होत असे, आणि पहिल्या-शेवटच्या उत्सवात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडे.

मराठी वाचकास या संदर्भात एक गोष्ट सहज आठवेल. शिवाजी महाराज सुरतेच्या पूर्वेकडील बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन उतरले तो दिवस इंग्रजांच्या जुन्या गणनेने ६ जानेवारी १६६४. इंग्रजांच्या नाताळानंतरचा तो बारावा दिवस होता, आणि आर्मेनियन परंपरेप्रमाणे तोच ख्रिस्तजन्माचा दिवस. त्या लुटीत कापुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठास महाराजांनी धक्का लावू दिला नाही, हे बर्नियेने नमूद करून ठेवले आहे. इंग्रजांची वखार सर जॉर्ज ऑक्झिंडन याने लढवून राखली. पुढे १६६९ साली तो सुरतेतच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी, १६५९ साली येथेच मरण पावला होता. दोघांवर मिळून उभारलेली घुमटाची भव्य कबर कतारगामच्या बाजूस इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत अजून उभी आहे.

कोर्टाचे काम लवकर आटोपले की मी कधीकधी त्या बाजूस जातो. इंग्रजांची दफनभूमी, डचांची दफनभूमी, आर्मेनियनांची दफनभूमी. घुमट आणि कमानी पाहून प्रथमदर्शनी एखाद्या मुसलमान सरदाराचे मकबरे वाटावेत इतक्या त्या इमारती या मातीच्या आहेत. वखारीत राहणारे बहुतेक जण अविवाहित तरुण. एका आवारात राहणे, एका मेजावर जेवणे, रात्री दरवाजा बंद होण्याआधी परतणे, अशी त्यांची मठासारखी शिस्त. इंग्लंडहून जहाज यावयास अर्धे वर्ष लागे. घरच्या पत्राला उत्तर धाडून त्याचे उत्तर हाती येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाई. नाताळ ते पाळत. मेजवान्या होत, मद्याचे प्याले भरले जात. परंतु त्या मेजावरच्या कोणाची आई तेथे नव्हती. पुष्कळांनी अमाप पैसा मिळवला आणि तो घरी नेण्यास ते उरले नाहीत. एवढ्या मोठ्या कबरी का बांधल्या, याची कारणे इतिहासकार वैभव आणि प्रतिष्ठा अशी देतात, आणि ती खरीच आहेत. मला मात्र वाटते, जिथे रडायला घरचे माणूस नसते तिथे दगडाला जास्त बोलावे लागते.

डचांच्या दफनभूमीत हेन्द्रिक व्हान रीड याची कबर आहे. ‘होर्तुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध करविणारा हाच पुरुष. डिसेंबर १६९१ मध्ये, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर, सुरतेस येत असता जहाजावरच त्याचा अंत झाला. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे नागरी लिपीतील कोकणी साक्षपत्र छापले आहे. हे तिघे कोचीनचे. त्यांचा समाज गोमंतकातून परागंदा होऊन तेथे वसलेला. नाताळाविषयी प्रेमाने लिहिताना हेही विसरून चालणार नाही, की ज्या राजवटीने गोव्यात हा सण आणला तिनेच अनेकांची घरे मोडली. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, देव रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात न्यावे लागले, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचा अंमल चालला. परंतु इतिहासाची गंमत अशी की, परागंदा झालेला हिंदू गोमंतकीय शतकानुशतके आपल्या कुलदेवाच्या उत्सवास फोंड्याला परतत राहिला, आणि ख्रिस्ती गोमंतकीय नाताळासाठी आपल्या गावी परतत राहिला. सण वेगळा असला तरी ओढ एकच होती.

ही ओढ समजण्यासाठी मुंबईच्या कुडांकडे वळले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी-बारदेशातील माणसे पोटासाठी मुंबईस जाऊ लागली. कोणी आचारी, कोणी वाजंत्री, कोणी शिंपी, आणि पुष्कळसे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे. १८८८ साली मुरगाव बंदरापासून घाटावर चढणारी रेल्वे सुरू झाल्यावर ही ये-जा आणखी वाढली. या माणसांनी धोबीतलाव, माझगाव, कॅव्हेल या भागांत आपापल्या गावाच्या नावाने सामाईक बिऱ्हाडे थाटली. तीच कुडे. कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली आणि ‘कूड’ म्हणजे देहही. दर महिन्याला थोडी वर्गणी, भिंतीशी प्रत्येकाची पेटी, मध्ये गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची रोझरीची प्रार्थना. गावचे फेस्त आले की मुंबईतही त्या दिवशी कुडात फेस्त होई. याच मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या दिवशी, ‘इटालियन भुरगो’ हा पहिला कोकणी तियात्र रंगभूमीवर आला. घरापासून दूर गेलेल्या माणसांनी घराची एवढी प्रतिकृती उभी केली. तरी नाताळ जवळ आला की कुडातल्या पेट्या खाटेखालून बाहेर निघत आणि माणसे बोटीच्या धक्क्यावर किंवा बोरीबंदरवर रांगा लावीत. प्रतिकृतीने भागत असते तर हे झाले नसते.

याचे एक कारण नाताळाच्या तयारीतच दडलेले आहे. हा सण एकट्याने करावयाचा नाहीच. कुलकुले करावयाची म्हणजे कणकेची बारीक गोळी काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर दाबून वळावयाची, अशा शेकडो. घरातील आजीपासून लहान मुलापर्यंत सर्वांचे हात लागल्याशिवाय ते काम रात्रीत उरकत नाही. दोदोल ढवळायला दणकट मनगट लागते. नारळाचा रस, गूळ आणि तांदळाचे पीठ तासन्‌तास घोटावे लागते, आणि एकजण दमला की दुसरा पुढे होतो. बिबिंक एकावर एक थर देत भाजावयाची. तिथे घाई चालत नाही. नेवरी म्हणजे तर आपली करंजीच, जी हिंदू गोमंतकीयांच्या घरी चवथीला होते. हे सर्व झाले की ताटे भरून, वर विणलेला रुमाल घालून शेजारी पाठवावयाची, ख्रिस्ती आणि हिंदू दोघांकडेही. या देण्याला पोर्तुगीजांकडून आलेला शब्द ‘कोंसुआद’. त्याचे नाते सांत्वन या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल त्या घरी गोडधोड शिजत नाही. तेथे शेजाऱ्यांची ताटे जातात. आपल्याकडेही दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ शेजारीच पोहोचवितात. दोन्ही परंपरांना एकच गोष्ट उमगली होती, की सणाच्या दिवशी रिकामी जागा जास्त दिसते आणि ती भरायला माणूस लागते.

आता त्या सात नाताळांकडे येतो. १९५४ साली आमच्या दक्षिणेकडील दादरा व नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्यानंतर भारत सरकारने पोर्तुगालशी राजकीय संबंध तोडले, सीमा बंद केली आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. घाटावरची रेल्वे थांबली, मुंबईची बोट थांबली, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. परवाना मिळवून, सामान डोक्यावर घेऊन पायी सीमा ओलांडणारे काही होते. पण ते सर्वांना साधणारे नव्हते. ही नाकेबंदी न्याय्य होती असेच मी मानतो. परकी सत्ता विनंतीने हलत नव्हती. परंतु वकिलीने मला एक शिकविले आहे, की निवाडा बरोबर असला तरी त्याचा खर्च कोणीतरी सोसतो, आणि तो कोणी सोसला हे लिहून ठेवणे ही प्रामाणिकपणाची बाब आहे. येथे तो खर्च मुंबईच्या कुडांनी आणि साष्टी-बारदेशातील घरांनी सोसला.

माझ्या शेजाऱ्यांचे वडील मुंबईत एका खाणावळीत आचारी होते आणि गावच्या कुडात राहत. १९५४ च्या नाताळाला ते घरी आले होते. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. नंतर वाट बंद झाली. गेल्यावर परत येऊ दिले नाही तर नोकरी जाईल आणि मग सारेच उपाशी राहतील, या धास्तीने ते मुंबईतच थांबले. आईने सण सोडला नाही. दर वर्षी नेवऱ्या होत, आणि वडिलांच्या वाटणीच्या नेवऱ्या निराळ्या डब्यात ठेवल्या जात. त्या कोणी खाऊ नये असा दंडक होता. कधीतरी उन्हाळ्यात त्यांना वास येई. मग आई काही न बोलता त्या कोंबड्यांना घाली. ‘आम्हांला पैशाची ओढ होतीच,’ म्हातारा म्हणाला, ‘पण मला आठवतो तो तो डबा.’

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सेना गोव्यात शिरली आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने शरणागती पत्करली. अखेरच्या माणसापर्यंत लढा, शरण जाऊ नका, असा सालाझारचा त्याला हुकूम होता. त्याने तो मानला नाही. दोन्ही बाजूंची मिळून पन्नासच्या आसपास माणसे पडली. हुकूम अक्षरशः पाळला असता तर हा आकडा किती झाला असता याची कल्पना करवत नाही. या अवज्ञेबद्दल त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले, आणि पोर्तुगालमध्ये क्रांती झाल्यावर, १९७४ नंतरच, त्याचा हुद्दा त्याला परत मिळाला. शरणागतीनंतर सहाव्या दिवशी नाताळ आला. गोव्यातील तो पहिला स्वतंत्र नाताळ. त्याच रात्री तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातच युद्धकैद्यांच्या छावण्यांत होते. मे १९६२ मध्ये ते मायदेशी परतले. ज्यांच्या सत्तेमुळे साष्टीतील एक बाप सात वर्षे घरी येऊ शकला नव्हता, त्याच सत्तेची पोरे त्या रात्री साष्टीतल्या घंटा ऐकत आपल्या आयांना आठवत बसली असतील. त्यांच्याविषयी राग धरावा असे माझ्या शेजाऱ्यांस आज वाटत नाही. ते म्हणतात, ‘तेही कोणाचे भुरगे होते.’

वडील त्या नाताळालाही पोहोचले नाहीत. वाटा उघडायला आणि रजा मिळायला दिवस लागले. ते आले ते ६ जानेवारीस, तीन राजांच्या फेस्ताच्या संध्याकाळी. आईने सर्व गोड तसेच झाकून ठेवले होते. पेटीतून वडिलांनी एक नवा सदरा काढला. १९५५ च्या नाताळासाठी घेतलेला, सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. समोर बारा वर्षांचा मुलगा उभा होता. सदरा शेजारच्या घरातील पोराला गेला, आणि सर्वजण जेवायला बसले. हे सांगून म्हातारा म्हणाला, ‘तारीख चुकली, पूण फेस्त चुकूंक ना.’

हे ऐकून माझ्यातील वकील पुढे सरसावला. मग माझेच म्हणणे खरे ठरत नाही काय? आर्मेनियनांचा नाताळ ६ जानेवारीस, तुमच्या घरचाही त्या वर्षी ६ जानेवारीस. तर मुलाचा फेब्रुवारीत का नको? त्यांनी उत्तर दिले नाही. घरी परतताना ते मला माझ्याच व्यवसायात सापडले. न्यायालय तारीख देते ती तो दिवस पवित्र असतो म्हणून नव्हे. वादी, प्रतिवादी, साक्षीदार, वकील हे सर्व एकाच वेळी एका जागी हजर असल्याशिवाय काम चालत नाही, म्हणून तारीख लागते. ‘सवडीने या’ असे समन्सावर लिहिले तर कोणताही दावा कधीच सुनावणीस निघणार नाही. सणाची तारीख हे असेच एक समन्स आहे. मुंबईचा भाऊ, आखातातील पुतण्या, बोटीवरचा जावई यांतील प्रत्येकाची सवड निराळी. सर्वांची सवड जुळेल असा दिवस पंचांगात नसतो. म्हणून समाज एक दिवस ठरवितो आणि म्हणतो, या दिवशी हजेरी. तो दिवस २५ डिसेंबर असो वा ६ जानेवारी, भाद्रपदातील चवथ असो वा दिवाळीचा पाडवा. वखारीतील इंग्रज आणि दमणचा पोर्तुगीज यांचे पंचांग निराळे होते, पण प्रत्येकाचा आपल्या माणसांपुरता दिवस एकच होता.

आणि गैरहजेरीतही फरक आहे. कायदा दोन प्रकारची गैरहजेरी मानतो, ज्याला येणे अशक्य होते त्याची, आणि ज्याने येणे टाळले त्याची. पहिलीला मुदत वाढवून मिळते, दुसरीचा निकाल एकतर्फी लागतो. त्या आचाऱ्याला सीमेने अडविले होते. म्हणून घरानेच त्याला मुदत वाढवून दिली, आणि फेस्त बारा दिवस थांबले. आज कोकण रेल्वे १९९८ पासून सबंध मार्गावर धावते. सुरतेहून बसलेला माणूस गाडी न बदलता मडगावला उतरतो. आपल्या पिढीला अडविणारी सीमा बहुधा आपणच आखलेली असते. स्वस्त तिकीट, अपुरी रजा, पुढच्या वर्षी पाहू. ज्यांना खरोखरच जाता येत नाही, बोटीवरचे, रुग्णालयातील पाळीवरचे, परक्या देशात अडकलेले, त्यांच्यासाठी कूड आहे, शेजाऱ्याचे ताट आहे, कोंसुआद आहे. आणि त्यांना तो आधार देणे हे जे घरी आहेत त्यांचे कर्तव्य आहे. पण ज्याला जाता येते त्याने जावे. आईबाप म्हातारे होत असतात, आणि त्यांना मुदतवाढ देणारे न्यायालय नाही.

या गोष्टी मी शेजाऱ्यांच्या मुलाला दूरध्वनीवर सांगितल्या नाहीत. तो माझा अधिकार नव्हता. त्याला सदऱ्याची हकीकत ठाऊक आहे काय, एवढेच विचारले. ती त्याला ठाऊक नव्हती. वडिलांनी मुलाला ती कधी सांगितली नव्हती. मी सांगितली.

तो नाताळाला आला की नाही, हे सांगण्याचे कारण नाही. तो त्या घरचा प्रश्न आहे. मात्र ६ जानेवारीपर्यंत तो कागदी तारा सज्जात लटकत होता, आणि त्या रात्री आमच्या घरी रुमाल घातलेले एक ताट आले. त्यात कुलकुले होती. काही सुबक, काही वेडीवाकडी. एका म्हाताऱ्या जोडप्याने इतकी वळली असतील असे वाटत नव्हते.